त्रेचाळीस की चौतीस : चुकीच्या रीडबॅकनंतरचे ५२ दिवस

अमेरिकेत विमान चालवायला शिकणाऱ्यांना ‘पॉसिबल पायलट डेव्हिएशन, अ‍ॅडव्हाइज व्हेन रेडी टु कॉपी अ फोन नंबर’ (तुमच्याकडून नियम मोडला गेला असावा, फोन नंबर लिहून घ्यायला तयार झालात की सांगा) हे वाक्य पाठ असतं. ते आपल्यालाच उद्देशून येईल असं मात्र कुणालाच वाटत नाही. आलं की पहिला विचार लायसन्सचा, दुसरा व्हिसाचा आणि तिसरा घरी काय सांगायचं याचा. ८ मार्च ते २९ एप्रिल २०२५ या काळात माझ्या बाबतीत हे सगळं पार पडलं. महाराष्ट्रातून इथे शिकायला आलेली बरीच मुलं-मुली आहेत, म्हणून तारखा, खर्च आणि कागदपत्रांसह लिहून ठेवते आहे.

शनिवार, ८ मार्च, सकाळचे सव्वादहा. टेक्सासमधला टॉवर असलेला विमानतळ, समांतर दोन रनवे. मी एकटी सेसना १७२ मध्ये, कमर्शियल लायसन्ससाठी तास भरत होते. माझा छोटा कॉलसाइन, म्हणजे विमानाच्या नंबराची रेडिओवर बोलायची शेवटची तीन अक्षरं, ‘फोर थ्री रोमिओ’. त्याच फ्लाइंग स्कूलचं दुसरं विमान त्याच फ्रीक्वेन्सीवर होतं, ‘थ्री फोर रोमिओ’. उड्डाण वन सेव्हन राइटवरून, म्हणजे उजव्या रनवेवरून. तिथे पोचायला वाटेत वन सेव्हन लेफ्ट ओलांडावा लागतो. त्याच्या अलीकडे थांबण्याची सूचना मिळाली होती, ती मी नीट परत वाचून दाखवली (यालाच रीडबॅक म्हणतात) आणि रेषेशी थांबले होते.

डाव्या रनवेवर एक विमान उतरलं. ‘थ्री फोर रोमिओ’ रनवेच्या सुरुवातीच्या टोकाला उभं होतं आणि उतरलेलं विमान त्याच्यासमोरून पुढे निघून गेलं होतं, म्हणून जमिनीवरच्या हालचाली सांभाळणाऱ्या ग्राउंड कंट्रोलरने त्याला रनवे ओलांडायला सांगितलं. मी दुसऱ्या टोकाला, म्हणजे तेच विमान माझ्या दिशेने धावत येत होतं. मी बटण दाबून ‘क्रॉस वन सेव्हन लेफ्ट, फोर थ्री रोमिओ’ म्हटलं आणि ब्रेक सोडले. त्याच क्षणी ‘थ्री फोर’नेही बटण दाबलं होतं. पाच-सहा सेकंदांत ‘फोर थ्री रोमिओ, स्टॉप!’ असं आलं. तोवर नाक रेषेच्या पलीकडे गेलं होतं. उतरलेलं विमान माझ्या बरंच अलीकडे वळून बाहेर पडलं. ते टॉवरच्या फ्रीक्वेन्सीवर आणि मी ग्राउंडच्या, त्यामुळे त्याला काय सांगितलं गेलं ते मला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

चाक रनवेच्या डांबराला लागलं नव्हतं. त्याने काही फरक पडत नाही. होल्ड-शॉर्ट खूण म्हणजे चार पिवळ्या रेषा, दोन सलग आणि दोन तुटक. आपण सलग रेषांच्या बाजूने येतो तेव्हा परवानगीशिवाय त्या ओलांडणं हेच ‘रनवे इन्कर्जन’. ‘फक्त नाक गेलं होतं’ हे फोनवर सांगण्यात अर्थ नाही.

इंजिन बंद केल्यावर सगळ्यात आधी एक काम करा. कागद घ्या आणि वेळ, फ्रीक्वेन्सी, ऐकलेले शब्द, आपण बोललेले शब्द, विमान कुठे होतं, हे सगळं लिहून काढा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत लिहा. फ्रीक्वेन्सीवर वाद घालू नका, नंबर घ्या आणि विमान नीट जागेवर लावा. ‘पॉसिबल पायलट डेव्हिएशन’ची ती सूचना म्हणजे शिक्षा नसते. असं काही घडल्याची वैमानिकाला लगेच कल्पना द्यायची, हा कंट्रोलरसाठी नियम आहे. एका जुन्या खटल्यातल्या वैमानिकाच्या आडनावावरून सगळे त्याला ‘ब्रॅशर’ म्हणतात.

तो फोन करायचा का? कायद्याने सक्ती नाही. काही वकील आधी आमच्याशी बोला म्हणतात, आणि ते चूकही नाही. एओपीए या वैमानिकांच्या संघटनेची कायदेशीर मदतीची योजना असते, पण ती आधी घेतलेली हवी. प्रकार घडल्यावर घेऊन उपयोग नाही. माझ्याकडे ती नव्हती. स्कूलच्या चीफ इन्स्ट्रक्टरना आधी सगळं सांगितलं, त्यांना शेजारी बसवलं आणि दुपारी फोन केला. चार मिनिटं लागली. नाव, लायसन्सचा म्हणजे सर्टिफिकेटचा नंबर, संपर्क आणि थोडक्यात काय झालं. टॉवरचे फोन रेकॉर्ड होतात. त्यामुळे ‘मला वाटतं’, ‘बहुतेक’, ‘माझीच चूक असणार’ असले शब्द टाळा आणि जे नक्की माहीत आहे तेवढंच बोला. पलीकडचा माणूस शांत होता. त्याने सांगितलं की याची नोंद होईल आणि एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या विभागीय कार्यालयातून कुणीतरी संपर्क करेल. कधी, ते सांगता येत नाही.

आता रेकॉर्डिंग. हा भाग घाईचा आहे आणि नेमका हाच लोक विसरतात. एफएए टॉवरचा आवाज साधारण ४५ दिवस ठेवते. तो मागवायला अर्ज करावा लागतो. लाइव्हएटीसी या टॉवरचं बोलणं ऐकवणाऱ्या वेबसाइटवर तुमच्या विमानतळाचा रिसीव्हर असेल, तर तिथले अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे ३० दिवस मिळतात. माझ्या विमानतळाचे होते. सोमवारी शोधायला बसले तर १५:०० ते १५:३० च्या तुकड्यात मी कुठेच नाही. अर्धा तास गेल्यावर उलगडा झाला. ९ मार्चच्या पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली होती. सोमवारच्या हिशेबाने यूटीसी पाच तास पुढे, पण शनिवारी ते सहा तास पुढे होतं. सव्वादहा म्हणजे १६:१५. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये हा घोळ लक्षात ठेवा.

ते ऐकल्यावर मात्र पोटात गोळा आला. कंट्रोलरने ‘थ्री फोर रोमिओ’ स्वच्छ म्हटलं होतं. त्यानंतर आमच्या दोघांचे आवाज एकमेकांवर आदळले होते. एक लांब शिट्टी, आणि शेवटी फक्त ‘…लेफ्ट, …रोमिओ’. विमानांचा व्हीएचएफ एएमवर चालतो, म्हणून दोघे एकाच वेळी बोलले की दोन्ही लहरी मिसळून अशी शिट्टी येते. त्यात कोण काय म्हणालं ते हरवतं, पण दोघे बोलले हे ओळखू येतं. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या लॉस रोडेओस विमानतळावर दोन जम्बो जेट धडकली, ५८३ माणसं गेली. तिथेही टॉवरचं ‘स्टँड बाय फॉर टेकऑफ’ आणि ‘आम्ही अजून रनवेवर आहोत’ हे त्यातल्या एका विमानाचं, म्हणजे पॅन अ‍ॅमचं सांगणं अशाच शिट्टीत बुडालं होतं. कंट्रोलरने माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं असतं तर, असं म्हणता येईल. पण शेपटाला ‘रोमिओ’ ऐकू आला, वाक्य अपेक्षेप्रमाणे होतं. त्याच्याही कानाने तेच केलं जे माझ्या कानाने केलं.

माझ्या कानाने काय केलं, ते इथे सांगते, कारण इंग्रजीतल्या कुठल्याही ब्रीफिंगमध्ये हे सापडणार नाही. तीन आठवडे त्या विमानाला मी मनात ‘त्रेचाळीस रोमिओ’ म्हणत होते. डिस्पॅचच्या काउंटरवर आम्ही मराठी पोरं आपसात तसंच बोलतो, ‘आज त्रेचाळीस मिळालं का तुला?’ आता त्रेचाळीसमध्ये तीन आधी येतो आणि चाळीस नंतर. चौतीसमध्ये चार आधी. म्हणजे रेडिओवर ‘थ्री फोर’ आलं की मराठी डोक्यात ‘त्रे… चाळीस’चा साचा तयारच असतो. रेडिओवर आकडे सुटे-सुटे बोलायचा नियम असले गोंधळ टाळण्यासाठीच आहे, आणि तो तोंडापुरता पाळून भागत नाही. कॉलसाइन मनातही सुटाच ठेवायला हवा. त्यात मी रेषेशी थांबून ‘क्रॉस’ या एका शब्दाची वाट बघत होते. ज्या शब्दाची वाट बघतो तो शब्द ऐकू येतोच.

उच्चारावर मात्र ढकलू नका. ‘अमेरिकन लोक फार भरभर बोलतात’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आहे आणि ते कधीकधी खरंही असतं, पण रेकॉर्डिंगमध्ये माझं इंग्रजी आणि कंट्रोलरचं इंग्रजी दोन्ही ठणठणीत होतं. सूचना कळली होती, ती कुणासाठी होती तेवढंच कळलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी, १० मार्चला, नासाचा रिपोर्ट भरला. एएसआरएस, म्हणजे एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टिम. नासाचा काय संबंध, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. ‘क्लिअर्ड फॉर अ‍ॅप्रोच’ म्हटल्यावर किती खाली यायचं, याबद्दल वैमानिकांची समजूत एक आणि कंट्रोलरची दुसरी. सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच जागी थोडक्यात वाचलं होतं. ती गोष्ट त्या कंपनीतच राहिली, बाहेर पोचली नाही. एफएएने मग १९७५ मध्ये रिपोर्टिंगची योजना काढली, पण जो दंड करतो त्याच्याकडेच कोण कबुली देणार? म्हणून १९७६ पासून रिपोर्ट घेण्याचं काम त्रयस्थ म्हणून नासाकडे आहे. म्हणजे ही व्यवस्थाच मुळात रेडिओवरच्या गैरसमजातून जन्माला आली.

रिपोर्टला खर्च शून्य. मुदत घटनेपासून, किंवा ती कळल्यापासून, १० दिवस. ऑनलाइन भरता येतो. वैमानिकासाठी ‘जनरल’ फॉर्म निवडायचा. तुमचे एकूण तास, विमानाचा प्रकार, हवामान, हवाई क्षेत्र असे रकाने आहेत, आणि मग मोकळी जागा. तिथे काय झालं, का झालं आणि काय केलं असतं तर टळलं असतं, ते लिहायचं. मला दीड तास लागला. त्या मोकळ्या जागेत नाव, फोन, स्कूलचं नाव घालू नका.

नाव-पत्ता फक्त वरच्या पट्टीत जातो. ती पट्टी नासा तारखेचा शिक्का मारून पोस्टाने परत पाठवते. त्यानंतर त्यांच्याकडे तुमची ओळख उरत नाही. ही पट्टी हाच वेळेत रिपोर्ट भरल्याचा पुरावा. पट्टीवर ‘घटनेचा प्रकार’ अशी एक ओळ असते. तिथे ‘परवानगीशिवाय रनवेवर शिरले’ असं प्रामाणिकपणाच्या भरात लिहू नका. ही पट्टी उद्या तुम्हीच एफएएला दाखवणार आहात. ‘टॅक्सी, कम्युनिकेशन’ इतकं पुरे.

यातून मिळतं काय? नासाला दिलेला रिपोर्ट एफएए तुमच्याविरुद्ध वापरू शकत नाही, हा एफएएचा नियम ९१.२५. आणि कारवाई झालीच, उल्लंघन सिद्ध झालं, तरी लायसन्स निलंबनासारखी शिक्षा माफ होते. त्यासाठी अटी आहेत. चूक अनवधानाने झालेली हवी, गुन्हा किंवा अपघात नको, पात्रतेचा प्रश्न नको, मागच्या पाच वर्षांत दुसरं उल्लंघन सिद्ध झालेलं नको. माफ होते ती शिक्षा, उल्लंघनाची नोंद पुसली जात नाही. आणि अपघात किंवा गुन्हा असेल तर तो नासाच्या फॉर्ममध्ये मुळीच लिहू नका. तसले रिपोर्ट नावानिशी पुढे जातात.

पत्त्याबद्दल एक. आपल्यातले बरेच जण अपार्टमेंटमध्ये चार-पाच जण मिळून राहतात आणि दर सहा महिन्यांनी घर बदलतात. पट्टी साध्या पोस्टाने येते, हरवली तर पंचाईत. शिवाय पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत एफएएला कळवलं नाही, तर तुमच्या सर्टिफिकेटचे अधिकार वापरता येत नाहीत. विभागीय कार्यालयाचं पत्र जुन्या घरी जाऊन पडेल आणि तुम्ही उत्तर देत नाही असं दिसेल. मी जानेवारीत घर बदललं होतं आणि पत्ता कळवला होता, हा निव्वळ योग.

मग वाट बघणं. १० ते २७ मार्च काही नाही. उड्डाणं चालू होती, कुणी बंद केली नव्हती. सर्टिफिकेट आपोआप थांबत नाही, हे आधी कुणी सांगितलं असतं तर तीन रात्री झोप लागली असती. घरी आईला ९ तारखेलाच सांगितलं. ती म्हणाली, ‘कुणाला लागलं नाही ना? मग जेव आधी.’

२७ मार्चला विभागीय कार्यालयातल्या इन्स्पेक्टरचा ई-मेल आला. सोबत ‘पायलट्स बिल ऑफ राइट्स’ची लेखी सूचना होती. २०१२ च्या कायद्यानुसार ती द्यावी लागते. त्यात चौकशी कशाची आहे, उत्तर देणं सक्तीचं नाही, दिलेलं उत्तर विरोधात वापरलं जाऊ शकतं, टॉवरचं रेकॉर्डिंग मागण्याचा हक्क आहे, असं सगळं असतं. भाषा वाचून घाम फुटतो. पण ती सगळ्यांना तशीच जाते. त्याखाली नियमांचे आकडे होते. ९१.१२३, म्हणजे कंट्रोलरच्या सूचना पाळणं, आणि ९१.१२९, म्हणजे टॉवरच्या विमानतळावर परवानगीशिवाय रनवेवर न जाणं.

३ एप्रिलला फोनवर बोलणं झालं, ४० मिनिटं. २०१५ पासून एफएएचं धोरण असं आहे की चूक नकळत झाली असेल आणि वैमानिक सहकार्य करत असेल, तर दंडाऐवजी ‘कम्प्लायन्स अ‍ॅक्शन’ घ्यायची, म्हणजे समज किंवा प्रशिक्षण. इन्स्पेक्टरला बघायचं असतं ते एवढंच, की कारण तुम्हाला कळलंय का. मी रेकॉर्डिंगमधली वेळ सांगितली, समोर काढलेलं विमानतळाचं चित्र वाचून दाखवलं आणि त्रेचाळीस-चौतीसची गोष्टही सांगितली. त्याला ती दोनदा समजावून द्यावी लागली, मग तो हसला. त्याने एक प्रश्न विचारला, ‘ओलांडण्याआधी त्या विमानाकडे बघितलं होतं का?’ बघितलं होतं. लांब होतं, हळू होत होतं, ते आधीच वळेल असं गृहीत धरलं होतं. त्यावर तो काही बोलला नाही.

रिपोर्ट भरल्याची पट्टी तोवर आलीही होती, १ एप्रिलला. ती स्वतःहून पुढे करायची नसते. शिक्षेची वेळ आली तर काढायची. माझी आली नाही, ती लॉगबुकच्या मागच्या खिशात आहे.

ठरलं ते असं : दोन तास जमिनीवर, एक उड्डाण आणि फ्री ऑनलाइन रनवे सेफ्टी कोर्स, ३० दिवसांत. जमिनीवरच्या दोन तासांत रीडबॅक. अमेरिकेत कुठला रनवे दिला तो, रनवेवर जाण्याची परवानगी आणि अलीकडे थांबण्याची सूचना, हे सगळं शब्दशः परत वाचायचं असतं. त्यावर ‘रॉजर’ हे उत्तर नाही. आपल्याला फोनवर ‘हां… हां… बरोबर’ म्हणत ऐकायची सवय, तीच रेडिओवर ‘रॉजर’ होऊन येते. २०१० पासून प्रत्येक रनवे ओलांडायला वेगळी, नाव घेऊन दिलेली परवानगी लागते. कॉलसाइन वाक्याच्या शेवटी न बोलता आधी बोलून बघितला. फरक पडतो, कारण शेवट हमखास चिरडला जातो. उड्डाणाच्या वेळी इन्स्ट्रक्टरने मुद्दाम सारख्या कॉलसाइनने सूचना दिल्या आणि मी दोनदा फसले. एकदा ठीक, दुसऱ्यांदा मात्र लाज वाटली.

खर्च : इन्स्ट्रक्टरचे साडेतीन तास, ७० डॉलरने २४५. विमान १.२ तास, १८५ डॉलरने २२२. एकूण ४६७ डॉलर. १२ एप्रिलला पूर्ण. लॉगबुकमधल्या नोंदीवर इन्स्ट्रक्टरची सही, तारीख आणि शिकवलेले विषय हवेत. नुसतं ‘रिमेडियल ट्रेनिंग’ लिहिलं तर परत येतं. त्याचा स्कॅन आणि कोर्सचं सर्टिफिकेट १४ तारखेला पाठवलं. २९ एप्रिलला दोन परिच्छेदांचं पत्र आलं, प्रकरण बंद. कम्प्लायन्स अ‍ॅक्शन म्हणजे उल्लंघन सिद्ध झालं असं नव्हे, हे एफएए स्वतःच म्हणते. तरी ते पत्र जपून ठेवा. पुढे मुलाखतीत कुणी विचारलं तर तोंडी सांगण्यापेक्षा कागद बरा.

ती दोन्ही विमानं अजून उडतात. रंगही सारखाच. आता त्यांच्या पॅनेलवर पांढऱ्या टेपची पट्टी आहे, त्यावर मार्करने आकडे एकमेकांपासून लांब लिहिलेत : ४ ३ रोमिओ. दुसरं बाहेर असेल तर ग्राउंडला पहिल्याच कॉलमध्ये ‘सिमिलर कॉलसाइन ऑन फ्रीक्वेन्सी’ असं सांगतो आणि दिवसभर पूर्ण नंबर वापरतो. कंट्रोलर तो छोटा करत नाही, आपणही करायचा नाही. सहा अक्षरं होतील, होऊ देत. डिस्पॅचच्या काउंटरवर नवीन आलेल्या मुलाने परवा विचारलं, ‘ताई, त्रेचाळीस मोकळं आहे का?’ मी म्हटलं, फोर थ्री म्हण.